हातभर बंदूक, बारा आण्याचा मसाला

अमेरिकेत घडीची बंदूक विकत घेणारा माणूस घरी येऊन पहिल्यांदा काय करतो, तर ती उघडतो. मग मिटतो. मग परत उघडतो. गोळी झाडायची ती शनिवारी, रेंजवर गेल्यावर. तोवर आठवडाभर दिवाणखान्यात नुसतं खटॅक्-खटॅक् चालू असतं. ऐन उन्हाळ्यात नवी छत्री मिळालेल्या पोराला पावसापर्यंत दम निघत नाही, ते घरातच छत्री उघडून बसतं आणि आजी ओरडते. तिथे आजीच्या जागी बायको असते.

ज्या बंदुकीने हा छंद घरोघरी नेला तिचं नाव सब-2000. ती बनते फ्लॉरिडातल्या कोको या गावी, केल-टेक कंपनीत. चंद्राकडे जाणारी यानं ज्या किनाऱ्यावरून सुटली, त्याच किनाऱ्यावरचं हे गाव. कंपनी काढली मूळच्या स्वीडनच्या जॉर्ज केलग्रेन यांनी, 1991 मध्ये, आणि दहा वर्षांनी ही कार्बाइन बाजारात आली. गोळी पिस्तुलाचीच, 9 मिलिमीटर. वजन दोन किलोच्या आतबाहेर. उघडली की लांबी अडीच फूट, मिटली की जेमतेम सव्वासोळा इंच, म्हणजे जुन्या मापाने हातभरही नाही. किंमत पाचशे डॉलरच्या आसपास, आणि अमेरिकेच्या बंदूकबाजारात हा भाव स्वस्तातला.

स्वस्ताई दिसतेही. बंदुकीचा मधला भाग प्लास्टिकच्या दोन अर्ध्या शिंपल्यांचा, स्क्रूने एकमेकांना आवळलेला. पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला जत्रेतल्या खेळण्याची आठवण होते आणि तो चमकून किमतीची चिठ्ठी पुन्हा वाचतो. मग कुणीतरी ती त्याच्यासमोर मिटून दाखवतो आणि गिऱ्हाईक गारद होतं. माणसाला घडीच्या वस्तूची भूल पडते ती का, हे मुंबईच्या एका खोलीत आयुष्य काढलेल्यांना समजावून सांगायला नको. सोफा-कम-बेड दुकानात जितका देखणा उघडतो तितका तो घरी कधीच उघडत नाही.

आता ही सोळा इंचांच्या जरा वरची नळी कुठून आली? सोळाच का नाही, किंवा सुटसुटीत बारा का नाही? तर 1934 साली, टोळीयुद्धांचा धुरळा बसत असताना, अमेरिकी संसदेने एक कायदा केला. ठरावीक लांबीपेक्षा आखूड नळीची रायफल ठेवायची तर सरकारदरबारी नोंद करा आणि दोनशे डॉलरचा कर भरा. त्या काळी दोनशे डॉलरमध्ये बंदुका आल्या असत्या, त्याही एकापेक्षा जास्त. मर्यादा आधी अठरा इंच होती, 1960 मध्ये रायफलींसाठी ती सोळावर आली. तेव्हापासून त्या देशात रायफलीची नळी सोळाच्या जेमतेम वर ठेवतात. महानगरपालिकेच्या नियमात बसणारी बाल्कनी जशी नेमकी त्या इंचापर्यंतच येते, त्यातला प्रकार. कायद्याने लांबी ठरवली, मग आखूड करण्याचा एकच मार्ग उरला, तो म्हणजे मिटणं.

आणि इथे एक गंमत आहे. दुकानदार ‘घडीच्या दस्त्याची कार्बाइन’ म्हणून जी दाखवतो, तिच्यात दस्ता जागचा हलतच नाही. घडी होते ती नळीची. चापाभोवतीची कडी खाली ओढली की पुढचा सगळा भाग बिजागरीवर उचलला जातो आणि मागे येऊन दस्त्याच्या डोक्यावर बसतो. हा फरक कीस काढण्यापुरता वाटेल, पण तो लाखमोलाचा होता. 1994 ते 2004 अशी दहा वर्षं अमेरिकेत काही अर्धस्वयंचलित रायफलींवर केंद्राची बंदी होती. ती लक्षणांवरून ठरे. सुटं मॅगझिन असलेल्या रायफलीला पिस्तुलासारखी मूठ, घडीचा दस्ता, संगीन लावायची सोय, ज्वाला झाकणारं टोपण, ग्रेनेड फेकायचं उपकरण यांतली कोणतीही दोन लक्षणं असली की तिच्यावर बंदी. सब-2000 ला मूठ होतीच, म्हणजे एक लक्षण भरलं. दस्ता मिटला असता तर दुसरं भरलं असतं. पण दस्ता मिटत नाही, नळी मिटते! बंदी चालू असतानाच, 2001 साली, ही बंदूक राजरोस विकायला आली. असा युक्तिवाद करणारा वकील पुण्यात भाडेकरूच्या खटल्यात हमखास भेटतो.

लहान आकाराची ही चैन सगळ्यांनाच गोड वाटते असं नाही. जी बंदूक लॅपटॉपच्या पिशवीत मावते ती पोलिसांच्या नजरेतूनही सुटते, आणि ज्या देशात शाळांतून गोळीबाराच्या कवायती होतात तिथे या मुद्द्यावर हसून पुढे जाता येत नाही. काही राज्यांचे कायदे आजही घडीच्या दस्त्याकडे वाकड्या नजरेने पाहतात. हे नोंदवून मालकांकडे वळावं, कारण खरा मजकूर तिथे आहे.

या कार्बाइनच्या मालकाला ‘कशी चालते?’ असं विचारलं की तो पहिल्यांदा म्हणतो, ‘एकदाही अडकली नाही.’ हे वाक्य पूर्ण समजून उठायचं नसतं. जरा थांबलं की पुढचं येतं. ‘म्हणजे सुरुवातीला दोनदा अडकली, पण त्या गोळ्या स्वस्तातल्या होत्या.’ आणखी थांबलं की तिसरं. ‘आणि एकदा मॅगझिनमुळे. ते अस्सल नव्हतं.’ गोळीचा दोष, मॅगझिनचा दोष, वंगण जास्त झालं, वंगण कमी झालं, हवा दमट होती, मेव्हण्याने मनगट सैल धरलं होतं. बंदुकीचा दोष कधीच नाही. ‘स्कूटरने वीस वर्षांत एकदाही त्रास दिला नाही’ असं सांगणारे काका आणि त्यांच्या डिकीतला जादा प्लग, क्लच वायर, काचकागदाचा तुकडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे व्याकरण नवं नाही. मालकी आली की माणूस साक्षीदार राहत नाही, तो आरोपीचा वकील होतो.

गंमत अशी की या बढाईत तथ्यही आहे. कार्बाइनची यंत्रणा इतकी साधी आहे की बिघडायला तिच्यात फारसं काही नाही. नळीमागे एक जड बोल्ट, त्यामागे स्प्रिंग. गोळी सुटली की त्याच धक्क्याने बोल्ट मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर टाकतो, स्प्रिंग त्याला पुढे ढकलते, जाता जाता तो नवी गोळी उचलतो. कुलपं नाहीत, वायूच्या नळ्या नाहीत. पाण्याच्या बंबासारखं निर्बुद्ध आणि म्हणूनच भरवशाचं यंत्र. चाचण्या घेणाऱ्यांची आणि मालकांची तक्रार सहसा गोळी न सुटण्याची नसते. तक्रारी आजूबाजूच्या असतात, आणि त्या खमंग असतात.

केल-टेकच्या जुन्या गिऱ्हाइकांत तर एक विधीच रूढ आहे. नवीन बंदूक घरी आणायची, एकही गोळी न झाडता ती उघडायची, सुटे भाग पुसायचे, जिथे धातू धातूवर घासतो तिथल्या कडा बारीक कागदाने घासून गुळगुळीत करायच्या, तेल घालायचं, पुन्हा जुळवायची. या विधीला त्यांनी यमक जुळवून लाडाचं नावही दिलं आहे. त्यानंतर शे-दोनशे गोळ्या ‘मुरवण्यासाठी’. बिडाचा नवा तवा आणल्यावर आधी घासायचा, तेल लावून तापवायचा, कांदा फिरवायचा आणि पहिले दोन घावन गाईला घालायचे, हे ज्या घरात चालतं त्या घराला या विधीचं नवल वाटणार नाही. फरक एवढाच, की तवा विकणारा ‘तयार’ म्हणून विकत नाही.

कंपनीच्या बाजूनेही एक कबुली सांगायला हवी. 2017 मध्ये बनलेल्या दुसऱ्या पिढीच्या काही कार्बाइन कंपनीने परत मागवल्या. कारण असं, की काही नळ्यांना उष्णतेची प्रक्रिया नीट झालेली नव्हती, आणि नीट न भाजलेल्या पोलादात गोळीचा दाब कोंडून ठेवणं म्हणजे कच्च्या मडक्यात पाणी उकळणं. ज्यांच्या बंदुकीचा क्रमांक त्यात होता त्यांनी ती वापरणं थांबवावं, असं कंपनीने सांगितलं. ज्यांचा क्रमांक त्यात नव्हता ते त्या आठवड्यापासून आपली नळी ‘खास’ असल्याचं सांगू लागले असतील, तर त्यात मनुष्यस्वभावाबाहेरचं काही नाही.

पण खरा छळ गालाचा. नेम धरताना गाल ज्यावर टेकवायचा तो भाग म्हणजे दस्त्याची नळी, आणि त्याच नळीच्या पोटातून तो जड बोल्ट प्रत्येक गोळीला मागेपुढे धावतो. साइट बुटक्या, त्यामुळे गाल घट्ट दाबल्याशिवाय नजर रेषेत येत नाही. परिणाम असा की गोळी निशाणावर लागो न लागो, नेमबाजाच्या कानाखाली दर खेपेला एक बसते. मराठीत ‘कानाखाली वाजवणे’ हा वाक्प्रचार आहे. अमेरिकन मालकही गालावर चापट बसल्याचंच सांगतात. पन्नास गोळ्या झाडून आलेला माणूस एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने प्रसन्न दिसतो.

दुसरी तक्रार बोल्ट मागे ओढायच्या खुंटीची. ती दस्त्याच्या पोटाखाली, बोटभर जाडीची आणि ओढायला हट्टी. तिसरी चापाची, की तो फार जड आहे. जुन्या सरकारी विश्रामगृहातला नळ जसा दोन्ही हातांनी फिरवावा लागतो तसा. चौथी पहिल्या पिढीच्या प्लास्टिकच्या पुढच्या साइटची. ही यादी वाचून कुणाला वाटेल की मालक बंदूक विकायला निघाले आहेत. छे! ते आनंदात असतात. कारण प्रत्येक तक्रारीवर बाजारात एक औषध आहे, आणि ते विकत घेण्यातच खरं सुख आहे.

मराठीत म्हण आहे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. गालासाठी मऊ गवसणी. खांद्यासाठी रबरी गादी. खुंटीवर बसवायची मोठी मूठ. चापासाठी हलक्या स्प्रिंगांचा संच, आणि तो बसवल्यावर समाधान झालं नाही तर अल्युमिनियमचा अख्खा चाप. बोल्टचा धक्का मऊ करणारी चकती. नळीच्या तोंडाशी आटे असतील तर त्यावर फिरवायचं टोपण. पुढच्या भागाला खाचा असतील तर त्यात टॉर्च, आडवी मूठ, उभी मूठ, पट्टा अडकवायची कडी. आणि हे सगळं न्यायला पिशवी. पिशवी बंदुकीची दिसता कामा नये, म्हणून काही मालक टेनिस रॅकेटची पिशवी घेतात. कधी हातात रॅकेट न धरलेला, पोट सुटलेला गृहस्थ दर शनिवारी टेनिसची पिशवी घेऊन निघतो, तेव्हा शेजाऱ्यांना काय वाटतं हे त्यांनाच विचारायला हवं.

एमकार्बो नावाच्या कंपनीने याच कार्बाइनच्या सुट्या भागांवर आपलं नाव कमावलं. एका कारखान्याच्या उणिवांवर दुसऱ्या कारखान्याची चूल पेटते, याची इतकी स्वच्छ उदाहरणं फार नाहीत. आणि पहिला कारखाना त्यावर रागावत नाही, कारण मसाला चांगला मिळतो म्हणूनही काही लोक कोंबडी घेतात.

या सगळ्या मसाल्यात तिखट म्हणावा असा पदार्थ एकच, रेड डॉट. ही काचेची छोटी दुर्बीण; तिच्यात लाल ठिपका दिसतो, तो निशाणावर ठेवला की झालं. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना तर ही देणगीच, कारण पुढची साइट, मागचं भोक आणि दूरचं निशाण हे तिन्ही एकदम स्पष्ट दिसण्याचं वय गेलेलं असतं. मालक रेड डॉट आणतो. दुसऱ्या पिढीच्या सब-2000 ला पुढच्या भागावर पट्टी दिलेलीच आहे, तिच्यावर तो ती बसवतो. नेम जुळवतो. शनिवारी दहापैकी नऊ गोळ्या काळ्या वर्तुळात. घरी जायच्या वेळी तो बंदूक मिटायला घेतो.

बंदूक मिटत नाही.

मिटणार कशी? नळी मागे येऊन ज्या दस्त्यावर बसायची, तिथे आता मध्ये रेड डॉट आडवी आली आहे. जिच्या घडीसाठी पाचशे डॉलर दिले ती घडी एका ठिपक्याने मोडली. ही अडचण खरेदीआधी माहीत नसते असंही नाही. दुकानदार सांगतो, मित्र सांगतात. पण लग्न ठरलेल्या मुलाला सांगितलेल्या गोष्टींइतकीच ती आत शिरते.

इथून मालकांचे पंथ पडतात. पहिला पंथ काढघालवाल्यांचा. हे झटकन सुटणारा माउंट घेतात, मिटण्याआधी रेड डॉट काढतात, उघडल्यावर लावतात आणि ‘नेम जसाच्या तसा राहतो’ असं सांगताना आवाज किंचित उंचावतात. दुसरा पंथ फिरत्या माउंटचा. खिटी दाबली की दुर्बीण बाजूला कलंडते, मग बंदूक मिटते. उघडली की दुर्बीण सरळ करायची. हा माउंट बनवणाऱ्यांचा धंदा उत्तम चालतो. तिसरा पंथ दुर्बीण तिरकी बसवतो आणि बंदूकही तिरकी धरतो. त्यांच्याकडे पाहून नवखा माणूस हळूच विचारतो, मान धरली आहे का.

चौथा पंथ सगळ्यांत प्रांजळ. या पंथाने रेड डॉट लावली, ती कायमची ठेवली आणि बंदूक मिटणं सोडून दिलं. ती आता कपाटात पूर्ण लांबीने उभी असते. त्यासाठी लांब पिशवी घेतली. पण पाहुणे आले की हेच लोक तिच्याबद्दल सांगताना पहिलं वाक्य म्हणतात, ‘ही मिटते, बरं का.’

घडीच्या बंदुकीचं हे दुखणं जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने एम-1 कार्बाइन 60 लाखांहून अधिक बनवली. बनवणाऱ्यांची नावं वाचली तर कुणाला हिशेबनीसांच्या संमेलनाची यादी वाटेल. टंकलेखन यंत्रांची अंडरवूड, गणनयंत्रांची आयबीएम आणि नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्सची रॉक-ओला. आज संग्राहक रॉक-ओलाच्या नावाची कार्बाइन शोधत फिरतात. या कार्बाइनच्या कळीच्या भागाच्या मागे डेव्हिड मार्शल विल्यम्स यांची कल्पना होती, आणि बंदुका बनवण्याचा त्यांचा ध्यास वाढला तो तुरुंगाच्या कार्यशाळेत. एका पोलिसाच्या खुनाच्या खटल्यात त्यांना शिक्षा झाली होती. कैद्याला बंदूक बनवू देणारा तो तुरुंगाधिकारी धन्य! पुढे 1952 मध्ये या माणसावर चित्रपट निघाला आणि त्यात जेम्स स्टुअर्टने काम केलं.

तर छत्रीधारी सैनिकांसाठी या कार्बाइनची घडीच्या दस्त्याची आवृत्ती 1942 मध्ये आली, नाव एम-1ए1. एका कारखान्याने ती सुमारे 1,40,000 बनवली. तारेचा सांगाडा, त्यावर गालाला चामड्याची पट्टी; दस्ता डावीकडे वळून बंदुकीला बिलगायचा. विमानातून उडी मारणाऱ्याला याहून काय हवं! एकच गोष्ट राहून गेली. दस्ता उघडल्यावर त्याला जागेवर धरणारी खिटीच नव्हती. फक्त स्प्रिंगच्या जोरावर तो उभा राही, आणि जोर ओसरला की डुगडुगे. ज्यांच्याकडे आज ही जुनी बंदूक आहे ते त्या डुगडुगण्याबद्दल तक्रार करतात आणि त्याच श्वासात सांगतात की डुगडुगत नसेल तर ती अस्सल नसेल. नव्या नकला विकत घेणाऱ्यांचा आग्रह असतो की नक्कल हुबेहूब हवी, आणि ती तशी मिळते. डुगडुगण्यासकट.

मॅगझिनांची कथा जरा सुखाची. सब-2000 घेताना गिऱ्हाईक आधी सांगतो की आपल्याकडे पिस्तूल कोणतं आहे, कारण ही कार्बाइन ग्लॉकची मॅगझिनं घेणारी मिळते आणि इतर काही पिस्तुलांची घेणारीही. कमरेच्या पिस्तुलाचं मॅगझिन काढून कार्बाइनच्या मुठीत सरकवलं की चालतं. ही सोय काही नवी नव्हे. विंचेस्टरच्या 1873 च्या रायफलीची गोळी कोल्टने काही वर्षांत आपल्या रिव्हॉल्व्हरसाठीही घेतली, तेव्हा घोड्यावरच्या माणसाला एकाच पट्ट्यातल्या गोळ्या दोन्हीकडे चालू लागल्या. ग्लॉकचा मूळपुरुष गॅस्टन ग्लॉक तर ऑस्ट्रियात पडद्याच्या दांड्या बनवायचा. पडद्याच्या दांडीवाल्याचं पिस्तूल ऑस्ट्रियाच्या लष्कराने 1980 च्या दशकात स्वीकारलं आणि त्याचं मॅगझिन आज फ्लॉरिडाच्या घडीच्या बंदुकीत बसतं. या धंद्यात कोण कुठून येईल सांगता येत नाही.

या कार्बाइनचा मालक एका बाबतीत मात्र निर्विवाद खरं बोलतो, आणि तेही श्रेयाचं. पिस्तुलाने पंचवीस यार्डांवर ज्याचे हात थरथरतात, त्याला लांब नळी आणि खांद्याला टेकलेला दस्ता मिळाल्यावर पन्नास यार्डांवर ताटाएवढं वर्तुळ सहज साधतं. शंभरावरही बरं चालतं. गोळी तीच; आधार वाढला. त्यात स्वस्त सराव झाला. त्यामुळे एकदा घेतलेली सब-2000 विकणारे कमी आणि दुसरी घेणारे बरेच, असं ऐकू येतं. एक घरात, एक गाडीत. गाडीतलीवर रेड डॉट नसते, म्हणून ती मिटते.

घडीच्या आणि ठिपक्याच्या या भांडणावर 2023 मध्ये दोन निवाडे आले. एक केल-टेकचाच. तिसऱ्या पिढीच्या सब-2000 चा पुढचा भाग मिटताना स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे वरची दुर्बीण बाजूला जाते आणि घडी होते. म्हणजे बावीस वर्षं लोक ज्या गोष्टीसाठी परक्या कंपन्यांचे माउंट घेत होते ती गोष्ट माहेरानेच दिली. दुसरा निवाडा स्मिथ अँड वेसनचा. त्यांच्या एफपीसी कार्बाइनची नळी वर न जाता दाराच्या फळीसारखी बाजूला वळते, दुर्बीण जागच्या जागी राहते, आणि दस्त्यातच दोन जादा मॅगझिनं खोचायची सोय आहे. त्यातून निवडायचंच असेल तर बाजूला वळणारी घडी शहाणपणाची, कारण ती समजायला पुस्तिका लागत नाही. पण हातातल्या हातात मिटण्याच्या खटक्याची मजा जुन्या सब-2000 मध्ये जास्त, हे चारचौघांत मान्य करायला हरकत नाही.

यावर जुन्या पिढीच्या मालकांचं म्हणणं काय? नव्या कार्बाइनमुळे त्यांचा फिरता माउंट निरुपयोगी ठरला असता, पण तो जुन्या बंदुकीवर बसतोच आहे. शिवाय नवीची तक्रार काय काय असेल याची यादी त्यांच्याकडे ती हाती येण्याआधीच तयार होती.

आपल्याकडे ‘कार्बाइन’ हा शब्द वर्तमानपत्रांतून ओळखीचा आहे तो पोलिसांच्या आणि जवानांच्या हातातल्या बंदुकीमुळे. ती कानपूरच्या कारखान्यात स्टर्लिंगच्या परवान्यावर बनलेली, 9 मिलिमीटरची, आणि तिचा दस्ताही घडीचा, पोटाखाली दुमडणारा. पण तिचा मालक सरकार. सरकार गालाला गवसणी मागत नाही आणि दर शनिवारी ठिपकाही जुळवत नाही, त्यामुळे तिच्याविषयी मालकाचे अभिप्राय कुठे वाचायला मिळत नाहीत. आता तिची जागा घेणारी कार्बाइन पुण्यातच आकाराला आली आहे. आराखडा पाषाणच्या संरक्षण संशोधन संस्थेचा, आणि 2025 मध्ये लष्कराच्या चार लाखांहून अधिक कार्बाइनच्या निविदेत सर्वांत कमी बोली पुण्याच्याच भारत फोर्जची ठरली. सामान्य नागरिकाला मात्र 9 मिलिमीटरची बंदूक आपल्याकडे मिळत नाही. ती प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. परवाना असला तरी 2019 च्या दुरुस्तीनंतर दोनच शस्त्रं ठेवता येतात. मराठी माणसाचा घडीचा हौस-खर्च त्यामुळे ट्रेकिंगच्या काठीवर आणि बाल्कनीतल्या खुर्चीवर भागतो.

डॅलसला किंवा ऑर्लँडोला स्थायिक झालेल्या मराठी घरात ही कार्बाइन शिरली, तर तिथल्या गृहिणीने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नवी बंदूक घेताना नवऱ्याला परवानाधारक दुकानात स्वतः जावं लागतं, फॉर्म 4473 भरावा लागतो, आणि 1998 पासून सुरू असलेल्या केंद्रीय यंत्रणेकडून त्याची पार्श्वभूमी तपासली जाते. म्हणजे कोंबडी कधी आली याची तारीखवार नोंद कुठेतरी असते. स्प्रिंग, माउंट, गवसणी, खुंटीची मूठ, टोपण आणि टेनिसची पिशवी यांना असलं काहीही लागत नाही. ती थेट दारात येतात, खोक्यातून, दुपारच्या वेळी, सहसा नवरा घरी असण्याच्या दिवशी.